बंद पुडीतली चकती

"पडला! हात पडला!" व्यायामशाळेतले पन्नास-साठ जण एकदम ओरडले.

मधोमध ग्रंथपालबाई उभ्या होत्या. डाव्या मुठीत त्यांची रोजची बीपीची गोळी, उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा. 'पोलादी सर' म्हणून गावभर गाजलेल्या प्रशिक्षकाने नुसती दोन बोटं टेकवली आणि हात लुळा पडल्यासारखा खाली आला. मग सरांनी गोळी काढून मुठीत आपली धातूची 'प्राणचकती' दिली. आता ते जवळजवळ लोंबकळले, तरी हात हलेना!

"शरीर खोटं बोलत नाही, ताई!" सर गरजले. "तुमच्या पेशी माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, सर, सोडवा आम्हाला! ही गोळी घेत राहिलात, तर वर्ष काही निघत नाही."

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून चांगला प्रशिक्षक शोधायला बाई आल्या होत्या, एवढंच. पण त्यांची आई बावन्नाव्या वर्षी चहा गाळता गाळता कोसळली होती, तोंड वाकडं होऊन. बाईंना यंदा बावन्नावं लागलं होतं. त्यांनी त्याच दिवशी सरांची खासगी शिकवणी लावली आणि गोळ्या बंद केल्या.

आठव्या दिवशी ग्रंथालयात शिडीवर असताना समोरची पुस्तकं दुहेरी दिसू लागली. मानेमागे ठणका. त्या कशाबशा उतरल्या आणि त्यांनी सरांना फोन लावला.

"विष बाहेर पडतंय, ताई. घाबरायचं नाही. आणि घरात कुणाला सांगायचं नाही, त्यांच्या शंकांनी चकती विटाळते."

त्या शेवटच्या वाक्याने बाई जास्तच घाबरल्या. त्या थेट नणंदेकडे गेल्या. नणंद रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. तिने काही न विचारता आधी बीपी मोजलं. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे.

"वहिनी, गोळ्या घेतेस ना?"

बाई रडत रडत सगळं सांगून गेल्या: सर, चकती, बंद केलेल्या गोळ्या. "मला आईसारखं मरायचं नाही गं!"

"मग चल आधी डॉक्टरांकडे. तुझ्या सरांना मी नंतर बघते."

बीपी ताब्यात आल्यावर, पुढच्या रविवारी, दोघी व्यायामशाळेत गेल्या. बाई उंबऱ्याशीच थबकल्या. सर खरे निघाले तर? पुन्हा चालू केलेली गोळीच जिवावर उठली तर?

नणंदेने कागदाच्या दोन सारख्या पुड्या काढल्या. "एकीत गोळी, एकीत तुमचीच चकती. वजन सारखं व्हावं म्हणून गोळीसोबत नाणं घातलंय. पुड्या दवाखान्यातल्या नर्सने बांधल्यात; कुठली कशात, हे मलाही माहीत नाही, वहिनीलाही नाही. शरीर खोटं बोलत नाही ना? मग सांगू दे."

बाईंनी पहिली पुडी मुठीत धरली आणि सरांनी त्यांचा आडवा हात दाबला. पडला. "हीच ती विषारी गोळी!"

पुडी उघडली. आत चकती चमकत होती.

"एखाद्या वेळी चुकतं माणूस," नणंद म्हणाली. "पुन्हा करू. दहादा करू."

दर वेळी गर्दीतल्या कुणीतरी पाठमोरं होऊन पुड्या नव्याने बांधून दिल्या. तिसऱ्यांदा चकतीनेच हात पाडल्यावर सरांना एकाएकी 'नकारात्मक लहरी' जाणवू लागल्या.

"लहरी राहू द्या," म्हणत नणंदेने गर्दीतल्या एका धिप्पाड हमालाला पुढे बोलावलं. त्याच्या मुठीत काहीच नव्हतं. तो बेसावध असताना तिने मनगटाशी दाबलं. हात खाली. मग "आता घट्ट धरा हं" म्हणत कोपराच्याही अलीकडे, खांद्याजवळ दाबलं. हात जागच्या जागी. "दाराला कडीजवळ ढकला, सहज हलतं. बिजागरीजवळ ढकलून बघा. बस, एवढीच प्राणशक्ती."

लोक हसले. पण मागून एक म्हातारा अडखळत बोलला, "पोरी, मी साखरेचं इंजेक्शन बंद केलंय... तीन आठवडे झाले."

हसू थांबलं. "आणखी कुणी?" नणंदेने विचारलं. हळूहळू एक हात वर झाला. मग दुसरा. मोजले तेव्हा अकरा होते. सर मागच्या दाराने कधी सटकले, कुणाला कळलंही नाही.

बाई पुढे झाल्या. "मी शिकलेली आहे, पुस्तकांत बसते, तरी फसले. कारण मी घाबरले होते. घाबरलेल्या माणसाने विचारायला लाजू नये. प्रशिक्षक जरूर ठेवा. पण तो कुठे शिकला ते विचारा, तुमचा आजार त्याला सांगा. आणि जो म्हणेल, 'औषध सोडा, घरी सांगू नका,' त्याच्यापासून लांब पळा, तोही व्यायामच आहे. चला आजोबा, दवाखाना रविवारीही उघडा आहे. मी येते सोबत."