शिव्यांखालचा रक्तगट

माझा नवरा ट्रेव्हर गेला तेव्हा मागे दोन गोष्टी ठेवून गेला: एक म्हातारी मांजर आणि थायलंडमधल्या आमच्या हुआ हिन गावातल्या परदेशी लोकांचा ऑनलाइन कट्टा. मांजर शहाणी होती. कट्ट्यावर मात्र निवृत्त गोरे दिवसभर तंडत. पाव कुठला चांगला, व्हिसाची रांग कुठे लहान, कुठला वकील चोर. एखाद्याने "इथे फार उकडतं" म्हटलं की बाकीचे "मग आपल्या घरी जा" म्हणत अंगावर धावून जात. पण ट्रेव्हरने घातलेला एक नियम सगळे पाळत. प्रत्येकाच्या नावाखाली त्याचा रक्तगट. आम्हा थाई लोकांत निगेटिव्ह रक्त औषधालाही मिळत नाही; गोऱ्याला लागलं तर दुसरा गोराच शोधावा लागतो. म्हणून शिवी कितीही झणझणीत असो, तिच्याखाली रक्तगट असायचाच.

कट्टा मी चालवते हे नॉर्वेच्या आर्विदला खुपत होतं. एक दिवस त्याने लिहिलं, "परदेशी लोकांचा कट्टा आपल्यापैकीच कुणी चालवावा. सुपानीला तो नवऱ्याच्या जुन्या चपलांसारखा मिळालाय. मतदान घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या घरमालकांशी भांडले मी, पोलीस चौकीत यांच्या बाजूने बोलले मी, यांच्यातले जे इथेच मेले त्यांना मंदिरात अग्नी दिला तोही मी. मी मतदान घेतलं नाही. आर्विदला महिन्याची बंदी घातली आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं.

त्याच आठवड्यात भर दुपारी इंग्रज माल्कमला ट्रकने उडवलं. मी दवाखान्यात पोचले तर नर्स म्हणाली, "मावशी, ओ निगेटिव्ह माणूस आणा. आमच्याकडचं संपत आलंय."

कट्ट्यावर ओ निगेटिव्ह तसे बरेच, पण जवळपास सगळे इंग्रज. तिकडे वेड्या गाईंचा रोग पसरला त्या काळात तिथे राहिलेल्यांचं रक्त तेव्हा आमच्याकडे घेत नसत. उरला आर्विद. बंदीमुळे त्याला माझी हाक दिसणार नव्हती, आणि माझं नाव दिसलं की तो फोन कापत होता. शेवटी मी स्कूटर काढली.

आर्विद ओट्यावर पपई कापत होता. "बंदी उठवायला आलीस?"

"नाही. माल्कम मरतोय. तुमचं रक्त हवंय."

त्याने सुरी टाकली. "मग फोन नाही करायचा?"

"केला की! तुम्हीच कापत होतात."

"मला वाटलं माफी मागायला करतेस."

"मी? माफी?"

"चल चल, गाडीवर भांडू."

आणि भांडलोच. "हळू चालव बाई, नाहीतर तिघांना रक्त लागेल."

"गप्प बसा. बीपी वाढलं तर घ्यायचे नाहीत."

"मग बंदीचं नाव काढू नकोस."

"काढलं कुणी?"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी जिन्यात बसून पोटभर रडले. आर्विद शेजारी सरबत पीत उभा होता.

"आता तरी उठवशील ना?"

मी त्याला हात जोडले, मनापासून जोडले. "याचे उपकार जन्मभर मानीन. पण लिहिलंय ते आधी मागे घ्या."

"मी काय खोटं लिहिलं?"

"मग बसा बाहेरच."

तो सरबताचा पेला पायरीवर ठेवून निघून गेला. मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावीशी वाटली नाही.

कट्ट्यावर गहजब झाला. जीव वाचवणाऱ्याला बंदी? कृतघ्न बाई! आता मतदान घ्याच! मी उत्तर लिहिलं, "आर्विदने माल्कमला रक्त दिलं. त्याबदल्यात माझा अपमान करायचा परवाना मिळत नाही. बंदी राहील. ज्यांना सोसत नाही त्यांनी दुसरा कट्टा काढावा. रक्त लागलं तर तिथूनही मला फोन करावा, मी येईनच."

दोन दिवस शिव्यांचा पाऊस. मग माल्कमच्या खात्यावरून मजकूर आला.

"मी आर्विद. माल्कमच्या उशाशी बसलोय, त्याच्याच फोनवरून लिहितोय. बंदी मला घातलीय, तुम्ही कशाला गळे काढता? त्या दिवशी दवाखान्यात माझ्या कानावर नुसतं थाई पडत होतं आणि इतकी वर्षं राहून मला ओ की ठो कळत नव्हतं. माल्कमसाठी डॉक्टरांशी, पोलिसांशी, ट्रकवाल्याशी हीच बोलत होती. तुमच्यापैकी कुणाला जमलं असतं? मला नसतं जमलं. चपलांचं लिहिलं ते मागे घेतो. मत मागाल तर माझं मत सुपानीला."

मी पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे भरून आले, ते पुसले आणि कामाला लागले. बंदीतल्या माणसाला आपलं खातं वापरू दिलं तर खातेदारालाही बंदी, हा नियम सगळ्यांना सारखा. माल्कमला एक दिवस बाहेर बसवलं. टाके ओले होते म्हणून एकच. आर्विदची बंदी आठवड्याने वाढवली.

मतदानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही; सगळे परत पावावरून तंडू लागले.