दात्याचे नाव

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या उघड्या बरगडीवर ती वाडी आहे. एप्रिलच्या उन्हात तिथे नवी टाकी चकाकत होती, आणि नळापुढे बायका रिकामे हंडे घेऊन सकाळपासून उभ्या होत्या. टाकी देवव्रतकाकांनी दिलेली. महाडातले आमचे हे शेजारी नळ उघडू देत नव्हते. आधी गाऱ्हाणे व्हायचे होते आणि ते मोबाइलवर टिपायचे होते.

वाडीचे गाऱ्हाणे म्हातारा गोमाजी घालतो. तो साऱ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, लोक ‘होय म्हाराजा’ म्हणून ते उचलून धरतात. त्यात माणसासाठी मागतात, माणसाची स्तुती करत नाहीत. काकांना स्तुती हवी होती, आणि ती मी लिहून आणली होती.

“ओजस, तुला कवितेचा नाद. चार ओळी दे. शब्दांना काय पैसे पडतात?” काका म्हणाले होते.

गोमाजीला वाचता येत नाही, म्हणून मी मागून एकेक ओळ सांगू लागलो.

“बा देवा म्हाराजा, या लेकरांची तहान भागव.”

“होय म्हाराजा!”

“गुरावासरांना सांभाळ.”

“होय म्हाराजा!”

पुढे ‘करुणेचा मेघ, दानशूर देवव्रत’ होते. माझीच अक्षरे तोंडात आलेल्या केसासारखी वाटली. ती ओळ मी सांगितली नाही. काकांनी कागद ओढून ओळ स्वतःच सांगितली. गोमाजीने खाली बघत ती पुटपुटली. ‘होय म्हाराजा’ कुणीच म्हटले नाही. कुठेतरी हंड्यावर हंडा आपटला.

“होय महाराजा!” काका एकटेच ओरडले. मग मोबाइल धरलेल्या ड्रायव्हरला म्हणाले, “हे कापून टाक, पुन्हा घेऊ. अहो, म्हणा की सगळे! मग नळ सोडू.”



“म्हना ओ, गोमाजीबाबा,” रांगेत पहिली उभी असलेली रखमा म्हणाली. दुसऱ्या वेळी तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

नळ सुटला. काका डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. फोटो निघत राहिले. मी रखमाजवळ गेलो.

“मावशी, तुम्ही कशाला म्हणालात?”

“मंग? पोरं तानलेली हायत घरी.” चुंबळ नीट करत ती हसली. “आनि त्यो एवढा मागत व्हता रे बाबा. देऊन टाकलं.”

हंडा डोक्यावर घेऊन ती उतारावर गेली. माझा कागद काकांनी घडी घालून खिशात ठेवला होता. तो परत घ्यावासा वाटला. पण तेही मागणेच झाले असते.