खर्र्याच्या रांगेत अन्नपूर्णा

नाव: अन्नपूर्णा देवाजी मेश्राम, दवनीवाडा.

व्यसन: हा रकाना तिने स्वतःच खोडला. सहा वर्षांपूर्वी बायांना घेऊन गावातले तीन पानठेले तिने बंद पाडले होते. नवऱ्याचा तंबाखू-सुपारीचा खर्राही चुलीत घातला होता.

तक्रार: डाव्या गालाच्या आत बोराएवढी गाठ. दुखत नाही. वाढते आहे.

कधीपासून: तीन महिने. गावच्या आरोग्य शिबिरात दोन रांगा होत्या. खर्रा खाणाऱ्यांचं तोंड बघायचे, बाकीच्यांचं फक्त बीपी. ती बीपीच्या रांगेत.

"काऊन वो, तोंड दाखव ना," देवाजी म्हणाला.

"त्या रांगेत मी? उद्या गाव म्हणन, बाई चोरून खात होती."

"मी त सहा वर्षं हेच म्हणून राहिलो."

मग तोच खर्र्याच्या रांगेत उभा राहिला. नंबर आला तसा बाजूला झाला आणि तिला पुढे ढकललं.

तुकडा: गोंदियात डॉ. हर्षिता यांनी गाठीतून तपासायला काढला. पहिला अहवाल: प्रकार नक्की सांगता येत नाही. म्हणून तोच तुकडा खास रंग लावून तपासायला नागपूरला गेला. त्या बारा दिवसांत देवाजीने एकही टोमणा मारला नाही. तिला खरी भीती त्यानेच वाटली.

निदान: "कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण नेहमीचा नाही. सार्कोमा म्हणतात, हा स्नायूतून उगवतो. तोंडात फार क्वचित दिसतो. अजून लहान आहे, छातीचं स्कॅन साफ आहे. पूर्ण काढता येईल."

"खर्र्यानं झाला?" अन्नपूर्णाने विचारलं.

"नाही. खर्र्याशी याचा संबंध नाही."

"मंग थे लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

"अवो, मॅडम कॅन्सर म्हणून राहिल्या," देवाजी म्हणाला.

"आयकलं. गाठ मॅडम काढतेत. गावाचं तोंड कोण बंद करन?"

देवाजी हसला. बारा दिवसांनी.

उपचार: गाठ काढली. कडा साफ, आत काही उरलं नाही. दोन आठवडे बोलायला मनाई. "मले सुट्टी लागली" म्हणत देवाजी गावभर फिरला.

शेरा: पुढच्या शिबिरात टेबलाशी मदतीला अन्नपूर्णा बसली. रांग एकच. शेजारची प्रेमिला बीपीसाठी बाही वर करतच आली.

"मी त खर्र्याले हातबी लावला नाही कधी."

"मीबी नाही," अन्नपूर्णाने टॉर्च लावला. "आ कर."