अकरा दिवसांची नक्षी

मी गालिचा बोलतोय. आधी चपला काढा, मग ऐका.

वय दीडशेच्या आसपास. साधा म्हातारा म्हणा ना. पण चष्मेवाली माणसं मला 'पुरातन' म्हणतात, तेव्हापासून मी जरा ताठ पडून असतो.

मला दोन जावांनी विणलं. थोरली बाजूला बसून नक्षी सांगायची, "तीन लाल, एक काळी, दोन पांढऱ्या." धाकटी मागासमोर बसून तेवढ्या गाठी मारायची. उलट विचारायचं नाही, हा नियम.

मी अर्धा झालो आणि फणी हरवली. गाठींची रांग ठोकून बसवायची ती लाकडी फणी.

"तूच टाकली असशील कुठेतरी," थोरली म्हणाली.

"जाऊबाई, मी तुमच्यासारखी विसरभोळी नाही."

झालं. अबोला.

अकरा दिवस कुणी नक्षी सांगितली नाही. धाकटी थांबली मात्र नाही. मनाला येईल ते विणायची, रांगा मुठीनं ठोकायची. म्हणून माझ्या पोटावरचं झाड उलटं आहे आणि हरणाला पाच पाय आहेत. शिवाय लांबलचक चोचीचं एक पाखरू आहे, डोक्यात फणी खोचलेलं. ते पाखरू म्हणजे जाऊबाई. फणी पहिल्या दिवसापासून त्यांच्याच अंबाड्यात होती. सगळ्या घराला दिसत होती. धाकटीनं बोलणंच टाकलेलं, ती सांगणार कशी? आणि दोघींचे नवरे जीव मुठीत धरून गप्प. जाऊबाई झोपायच्या कशा, ते मला विचारू नका.

बाराव्या दिवशी त्यांनी पाखरू पाहिलं. हात डोक्याकडे गेला.

"नाक एवढं लांब आहे का गं माझं?"

"कमीच घेतलंय."

थोरली खाली बसली. "बरं. आता समोर एक पाखरू घे. चोच उघडी ठेव त्याची. अकरा दिवस बडबड कोंडलीये बिचाऱ्याची." मग दोघी इतक्या हसल्या, की त्या रांगेतल्या गाठी आजही सैल आहेत.

पुढे मी बरीच घरं पाहिली. माणसं नवीन गालिचा आणतात, चार दिवस त्याला वळसा घालून चालतात आणि पाचव्या दिवशी त्याच्यावरच सांडतात. कुत्र्यांचं निदान सगळं पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं.

या घरात एकदा एक प्राध्यापक आले. गुडघ्यांवर रांगत त्यांनी मला दोन तास वाचलं. उलटं झाड म्हणजे स्वर्गात रुजलेलं जीवन. पाचवा पाय म्हणजे आत्मा. पाखरं म्हणजे चिरंतन प्रेम आणि फणी म्हणजे मुकुट. घरची आई कौतुकानं ऐकत होती. मीही. आपल्याला आत्मा आहे आणि तो हरणाच्या पोटाखाली आहे, हे मला नवीनच होतं.

त्या आईनं मरण्याआधी थोरल्या मुलाला जवळ बोलावून सांगितलं, "गालिचा तुझा." मग धाकट्याला बोलावून तेच सांगितलं. आणि निवांत डोळे मिटले.

दोघं भाऊ बोलेनासे झाले. शेवटी ठरलं, मला मधोमध कापायचं. दोन पाखरांच्या बरोब्बर मधून.

कारागीर कात्री घेऊन आला. मी भिंतीशी गुंडाळी होऊन उभा होतो. थरथरलो म्हणा, धूळ पडली म्हणा.

त्यानं मला उलटं पसरलं. "गाठी मोजल्याशिवाय मी कापत नाही. दोघं दोन टोकांकडून मोजत या. आकडा जुळेल तिथे मध्य."

मोजणी सुरू झाली. मधे थोरल्याची बायको.

"वहिनी, त्यांना सांगा, माझ्या चाळीस झाल्या."

"अहो, भाऊजींच्या चाळीस झाल्या."

"त्याला सांग, माझ्या अडतीस."

वहिनी उठली. "माझी भाजी करपतेय. तुमचं तुम्ही ओरडा."

दोघं आपापल्या टोकाकडून मोजत राहिले. मग धाकटा खाली मान घालूनच म्हणाला, "बेचाळीस."

"त्रेचाळीस," थोरला म्हणाला.

"दादा, आत्ता अडतीस होत्या ना?"

"तू बोललास आणि मी चुकलो. पहिल्यापासून घे."

माझी गाठ न् गाठ ताठ झाली. असेच आकडे ऐकत मी जन्मलो होतो.

याला आता सहा वर्षं झाली. दर रविवारी धाकटा येतो, मला उलटा करतात, मोजतात, भांडतात, जेवतात. कारागिरानं यायचं सोडलं. त्याच्या कात्रीनं वहिनी कोथिंबीर चिरते.

आकडा अजून जुळलेला नाही. खरं सांगू? दोघं मध्याजवळ आले की मी त्या सैल गाठींपाशी हळूच एक सुरकुती पाडतो. एकाच्या चार गाठी तिच्यात जातात. गेल्या रविवारी थोरल्याला ती दिसली. त्यानं धाकट्याकडे पाहिलं, तळव्यानं सुरकुती नीट झाकली आणि म्हणाला, "चुकलं रे. पहिल्यापासून घे."

तेव्हा तुम्ही कधी आलात, तर बसा, पाय पसरा, चहा सांडलात तरी चालेल. फक्त मोजायला मदत करू नका.