ओसरीचं दार

सीमंतिनीने 'ओसरी' सुरू केली तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. हिंदी मुलखातल्या 'लष्कर' या शहरभागात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी स्वतःचं समाजमाध्यम, तेही कुठल्या कंपनीचं नाही! गोरखी वाड्याजवळच्या तिच्या घरी, मागच्या खोलीत एक यंत्र घरघरत असे, आणि त्यावर अख्खा गोतावळा गप्पा मारी. हसणारेच पुढे तिथे दिवसरात्र पडीक असत.

आता एका बड्या कंपनीने अशा छोट्या जाळ्यांकडे हात पुढे केला होता. सीमंतिनीने एक बटण दाबलं की ओसरीवरचं कोट्यवधींना दिसणार, तिकडचं इकडे. नया बाजारातला गुरुप्रसाद कापडवाला तर हटूनच बसला. "वहिनी, कब तक कुएँ में बैठेंगे? आपली सगळी पोरं तिकडेच आहेत." सासूबाई, शांताताई, काहीच म्हणत नसत. नुसत्या मोबाइल मांडीवर घेऊन बसत. लेकीची लेक गरिमा टोरांटोला, तिला फोन उचलायला सवड नाही. ती भेटायची ती त्या कंपनीच्या माध्यमावरच. या गप्प बसण्यापुढे सीमंतिनीचं काही चालेना.

पण माडीवर यशश्री होती. झाशीच्या मैत्रिणीची, पद्माची मुलगी. नवऱ्याने, हेमेंद्रने, तिचा हात मोडला तेव्हा पळून आलेली. आणि तो तिला शोधत होता. शांताताईंना सांगितलं होतं भलतंच: परीक्षेचा अभ्यास, नवरा परदेशी. "मावशी, आजींना मत बताना, प्लीज," यशश्रीने हात जोडले होते. "मला कुणाची कीव नको."

मत घेतलं तर जवळजवळ सगळे 'जोडा' म्हणाले. विरोध करावा तर कारण सांगावं लागणार, म्हणजे पोरीची अब्रू चव्हाट्यावर. सीमंतिनीने यशश्रीचं खातं पुसलं, तिचं नाव कुठे उरलं नाही हे दोनदा तपासलं आणि बटण दाबलं. आपण फार शहाण्या, असं तिला तेव्हा वाटलं.

त्याच दुपारी शांताताईंनी ओसरीवरूनच, सगळ्यांना दिसेल असं, नातीला लिहिलं. लिहिलं कसलं, पत्रच ते! कागद गेला तरी त्या पिढीची रीत काही सुटत नाही. घरातल्या एकूण एकाचा नमस्कार-आशीर्वाद घातल्याशिवाय पत्र पुरं होत नाही, कुणी राहिलं तर तो त्याचा अपमान. 'मामीचे आशीर्वाद. झाशीच्या पद्माची यशश्री हल्ली आपल्या माडीवर राहते, तिचाही नमस्कार.'

गरिमाचं उत्तर आलं. म्हातारीने ते शेजारीपाजारी वाचून दाखवलं. तिचा आनंद बघून सीमंतिनी सुखावली. मूळ पत्र तिने उघडूनही पाहिलं नाही.

मग एका सकाळी शांताताई हरभऱ्याची डाळ निवडत बसलेल्या दिसल्या.

"आई, आज पुरण? कसला सण?"

"अगं, यशश्रीचे यजमान आलेत भारतात. माझ्या पत्राखालीच लिहिलं त्यांनी. किती नम्र गं! 'आजी, साष्टांग नमस्कार. तिला सांगू नका, चकित करायचंय. पत्ता द्याल का?' मी म्हटलं, जावईबापू, विचारता काय! पाटणकर बाजारातून कुठे वळायचं तेसुद्धा लिहिलं. आज पोचतील."

सीमंतिनी मागच्या खोलीत धावली. जोडणी तोडली, पत्र पुसलं. पण कंपनीकडे गेलेलं थोडंच परत येतं? आणि हेमेंद्रने वाचायचं ते वाचलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला. साऱ्या दारांना कड्या घातल्या, आणि ज्या बाईच्या हाताशी दार होतं तिलाच काही सांगितलं नाही.

ती धावत माडीवर गेली, पण तिचा चेहरा बघितल्यावर यशश्रीला काही सांगावं लागलं नाही. "वो आ रहा है ना, मावशी?" म्हणत तिने पलंगाखालची बॅग ओढली.

जिन्याखाली शांताताई उभ्या होत्या. "बॅग कुठे निघाली? जावई येताहेत ना?"

"आई, त्यानेच तिचा हात मोडलाय," सीमंतिनी म्हणाली. "त्याच्यापासूनच लपवली होती मी तिला."

यशश्रीने सवयीने वाकून पायांना हात लावला. शांताताईंचा हात तिच्या डोक्यावर आला, ओठही हलले. "अखंड सौभाग्य..." म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं त्यांना म्हणवेना.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. सीमंतिनीने रिक्षा बोलावली नव्हती.