उलट्या आट्यांचं पायडल

मी डावं पायडल बोलतोय. आवाज दबका येत असेल तर सांभाळून घ्या, माझ्या तोंडात बूट आहे. कालपरवाचा नाही. त्याच्या तळाचा चिखल वाळला, तडकला आणि गळूनही गेला, इतका जुना.

माझी जात क्लिपलेस. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! नावात क्लिप नाही, आणि जन्मभर काम काय, तर बूट पकडून ठेवायचा. बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी एक छोटी पट्टी बसवतात, तिला क्लीट म्हणतात. पाय दाबला की क्लीट माझ्या स्प्रिंगच्या जबड्यात खट्‌कन बसते, टाच बाहेर वळवली की सुटते. पकडायचं काय, ते सांडशीलाही जमतं. वेळेवर सोडता येणं हीच आमची अब्रू, आणि तीच माझी गेली.

दुकानात मी आणि माझा जुळा भाऊ, म्हणजे उजवं पायडल, एकाच खोक्यात होतो. एक दिवस पन्नाशीची एक बाई आली. पडदे शिवायचा धंदा तिचा. मी तिला आईच म्हणतो, कारण घरात तिला हाक मारणारी एकटी लेक, आणि ती आईच म्हणते.

"जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारलं हो," ती मेकॅनिकला म्हणाली, "पण खुर्चीवरून तसूभर पुढे गेले नाही. आता डोंगर चढायचाय."

मेकॅनिक हसला नाही, म्हणून तो मला आवडला. त्याने रस्त्यावरच्या सायकलींची नाजूक पायडलं बाजूला सारली. "डोंगरात चिखल तोंडात जातो. जबडा आरपार मोकळा असलेलं घ्या, म्हणजे चिखल खाली पडून जातो. भोवती रुंद कडं हवं, पाय अडकवला नाही तरी टेकवता येतो. स्प्रिंग सैल ठेवतो. आणि बाई, आधी सुटायला शिका, मग अडकायला."

"अहो, हे लग्नाआधी सांगायला हवं होतं कुणीतरी!" आई म्हणाली, आणि दोघंही खो खो हसले.

मला बसवताना तो आणखी एक बोलला. "डाव्याचे आटे उलटे असतात. बाकीचे स्क्रू ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला फिरवलं की हा आवळतो. नाहीतर चालवता चालवता गळून पडेल. लक्षात ठेवा." ही गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा.

काय दिवस होते ते! आई भिंतीला धरून उभी राहायची आणि पाय अडकव, सोड, अडकव, सोड. मग डोंगरातल्या पायवाटा, झाडांची मुळं, दगडगोटे. घरी आली की ब्रशने माझे दात घासायची आणि मशीनच्या तेलाचा थेंब स्प्रिंगवर सोडायची. माझे लाड झाले, पण बुटाखाली कुणी बघितलं नाही. "महिन्यातून एकदा क्लीटचे स्क्रू आवळत जा," मेकॅनिकने सांगितलं होतं. ते राहिलंच. दोनातला एक स्क्रू सैल होत होत कुठल्यातरी वळणावर पडला.

पुढे एका चढावर चाक दोन दगडांत रुतलं. सायकल थांबली. आईने टाच बाहेर वळवली. बूट फिरला, पण क्लीट जागची हलेना! एकाच स्क्रूवर बूट पंख्यासारखा गरगर फिरतोय आणि पट्टी माझ्या जबड्यात तशीच. आई टाच मारतेय, मी सोडायला जीव टाकतोय. आम्ही दोघं एकमेकांना सोडू बघत होतो आणि तसेच डाव्या अंगावर कोसळलो. मनगटाचा आवाज मी ऐकला. आईने एका हाताने पट्टे काढून पाय बाहेर ओढला. बूट माझ्याजवळ राहिला.

तेव्हापासून मी या खोलीत आहे. एका बाजूला पडद्यांच्या कापडाचे तागे, दुसऱ्या बाजूला मुकं पडलेलं शिलाई मशीन. दाराची फट उघडते तेवढाच उजेड. फिरता येत नाही, तोंड मिटता येत नाही. जे धरायला नको ते धरून बसलोय आणि सोडता येत नाही. अशी कैद शत्रूलाही नको.

लेक दवाखान्यात रिसेप्शनवर असते, रोज मोडलेली हाडं बघते. तिने निकाल दिला, "सायकल विकायची. विषय संपला."

जिममध्ये शिकवणारा एक तरुण घ्यायला आला. सायकल त्याला आवडली, पण मला बघून म्हणाला, "बुटासकट? नको, आधी हे काढून ठेवा."

मग सुरू झाला माझा छळ. लेकीने पाना लावला आणि फिरवलं. अर्थात बाकीच्या स्क्रूंसारखं, म्हणजे चुकीच्या बाजूला! मी सुटण्याऐवजी आणखी आवळलो. ती पान्यावर उभी राहिली, मी आणखी आत. शेजारचे काका बाह्या सरसावून आले. त्यांनी पान्याला लोखंडी नळी जोडली. अहो काका, दुसऱ्या बाजूला! पण तोंडात बूट असलेल्याचं कोण ऐकतं?

आणि आई? प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसली होती, चहा पीत. "जरा अजून जोर लावा, भाऊजी," ती म्हणाली.

माझा विश्वासच बसेना. हिला ठाऊक होतं! माझ्यासमोरच तर मेकॅनिकने सांगितलं होतं.

"दुकानातच नेऊ या," लेक म्हणाली.

"बंद असतं गं ते हल्ली," आईने थाप मारली. मला इतका राग आला म्हणून सांगू! जिचे पाय मी झेलले, तीच मला कैदेत ठेवते? नंतर एकदा, घरात कुणी नसताना, ती माझ्यापाशी बसली. चेंडू दाबून दाबून मनगटाचा व्यायाम करत होती. "थोडी कळ काढ रे बाबा," ती पुटपुटली. "तू सुटलास की सायकल गेली. माझा हात बरा होऊ दे." तेव्हा कुठे मला उमगलं. मी अडकलोय म्हणूनच तिची सायकल अजून घरात आहे. राग गेला. दुखणं काही गेलं नाही.

थांबा, कुणीतरी आलं. आई आहे. हातात पाना. प्लास्टर कधीच निघालंय. मागोमाग लेकही आली.

"आई, राहू दे. उद्या तो जिमवाला त्याच्या मित्राला घेऊन येतोय, तो काढेल."

आईने पाना लावला. योग्य बाजूला. दात-ओठ खाल्ले आणि कडाक्‌! मी सुटलो.

"तुला माहीत होतं?" लेक ओरडली. "आम्ही घाम गाळत होतो तेव्हा तू चहा पीत होतीस!"

"मला कुणी विचारलं? सायकल माझी, हात माझा, आणि निकाल देणारी तू."

लेकीचा चेहरा पडला. "त्या दिवशी फोन आला, तेव्हा वाटलं तू गेलीस. मला तुझ्याशिवाय कोण आहे गं?" ती रडायलाच लागली.

आईने तिला जवळ घेतलं. "मीही घाबरलेच होते. पण परत त्या खुर्चीत जन्म काढायची भीती त्याहून मोठी आहे. एका स्क्रूने घात केला, बाई. डोंगराने नाही."

मग आईने माझी स्प्रिंग सैल केली आणि पेचकसाने जबडा हळूच उघडला. बूट खाली पडला. अहाहा! आता आवाज मोकळा येतोय ना? माझ्या आट्यांना ग्रीस लागलं, मी पुन्हा जागेवर बसलो. बटणांच्या डब्यातून आईने दोन नवे स्क्रू काढले. दुकान बंद नव्हतंच, बघा!

"ते मी आवळणार," लेक नाक पुसत म्हणाली. पोरीत ताकद भरपूर, ती मला ठाऊकच आहे. दुसऱ्या बुटाचेही तिनेच तपासले.

आता आम्ही फाटकापाशी आहोत. "सोडून दाखव," लेक म्हणाली. आईने टाच वळवली, खट्‌. "परत." खट्‌. "अजून एकदा." खट्‌. गेलेली अब्रू परत आली, मंडळी. माझं मागणं एवढंच की स्प्रिंगला तेल नाही लावलंत तरी चालेल, पण अधूनमधून बूट पालथा करून बघत जा.

लेकीने मागून सीट घट्ट धरली आहे. आईने मला दाबलं. निघालो. रस्त्याला उतार आहे, वारा लागतोय.

"सीट सोड गं आता!" आई मागे न बघता ओरडली.

लेकीचा आवाज आला, बराच लांबून.

"कधीच सोडली!"