पाच मिनिटं पुढे

कॉम्प्युटर बिघडला की लोक आधी माणसावर संशय घेतात आणि मग मला बोलावतात. दिग्रसच्या एका जिनिंगमध्येही, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तेच झालं होतं. वजनकाट्यावर बसणाऱ्या दिपालीच्या पावतीवर कापसाच्या ट्रॉलीचं वजन दहा वाजून चार मिनिटांनी झालेलं. गेटचा कॅमेरा म्हणे, तीच ट्रॉली आत आली दहा वाजून सात मिनिटांनी. म्हणजे यायच्या आधीच तोलली. पोरगी बसल्या जागी खोट्या पावत्या काढते, असं मालकांचं ठाम मत. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर उद्यापासून येऊ नको, असं त्यांनी तिला सांगूनही टाकलं होतं.

दिपालीला विचारलं, तर पावत्या बरोबर आहेत एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. मला रागच आला. नोकरी चाललीय आणि बाई तोंड उघडायला तयार नाही.

मी वायरी तपासल्या. काट्याचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ घेत होता, एका सेकंदाचा फरक नाही. कॅमेरे मात्र गेटवरच्या कॉम्प्युटरकडून वेळ घेत, आणि तो बरोबर पाच मिनिटं पुढे. तो जुळवून मी चहा पिऊन आलो, तर स्वारी पुन्हा पाच मिनिटं पुढे. मशीन असं मोजूनमापून चुकत नाही. हे माणसाचंच काम.

गेटवर बसतात बबनराव, साठी उलटलेले. विचारताच त्यांनी कबूल केलं. यात लपवण्यासारखं काय, हेच त्यांना कळेना.

"मीच करतो. दिपालीची पुसदची बस दोनदा चुकली. काट्यावरून तिले गेटवरची हे लाल आकड्याची घडी दिसते. ते याच कॉम्प्युटरवर चालते, म्हणून पुढे ठेवतो."

त्यापायी काय झालंय ते मी सांगितलं. बबनरावांचा चेहरा उतरला. ते उठले आणि तडक मालकांच्या खोलीत गेले. मालकांनी त्यांना झाडलं, मलाही थोडं झाडलं, आणि दिपालीला उद्या ये म्हणून निरोप धाडला.

मी गेटचा कॉम्प्युटर इंटरनेटच्या वेळेला जोडला आणि पासवर्ड टाकून ठेवला. आता तिची बस कशी साधायची? साडेपाचला बबनराव स्वतःच काट्याच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "पोरी, ऊठ."

दिपालीने पिशवी घेतली. "घडी पुढे हाय हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, काका. मी पाच मिनिटं वजा करूनच पाहत होती."

"मंग मालकाले सांगतलं काहून नाही?"

"तुमची नोकरी गेली असती न."

 बबनराव तिच्या हातातली पिशवी घेऊन फाटकापर्यंत चालत गेले. सकाळी मी तिच्यावर चिडलो होतो, त्याची मला लाज वाटली.